सबनीसच्या किल्ल्यावरचा सूर्य

काय सांगू तुम्हाला, आयुष्यात मी शहाणपणा पुष्कळ केला, पण दोन हजार चार साली अमेरिकेत, अल्फारेटा गावात केला, तेवढा महागातला कधीच नाही.

आमच्या ऑफिसात एक सबनीस होता. नागपूरचा. माणूस चांगला, पण शनिवार उजाडला की गाडी काढून, लोकांनी आपापल्या गराजमध्ये विकायला मांडलेलं भंगार घेऊन यायचा. मोडके दिवे, तीन पायांची खुर्ची, काय वाटेल ते! आम्ही सगळे हसायचो. सगळ्यात जास्त मी.

एकदा त्यानं एक चित्र आणलं आणि मला फोन केला. म्हणे अठराव्या शतकातलं आहे, हातानं काढलेलं, जलरंगातलं, इंग्लंडच्या राजाच्या किल्ल्याचं. सोमवारी म्युझियममध्ये काम केलेली एक बाई ते बघायला येणार होती. ती एकदा 'खरं आहे' म्हणाली की आमची सगळ्यांची तोंडं बंद होणार, एवढंच त्याला हवं होतं.

मला राहवतंय होय? रविवारी सकाळीच बायकोला घेऊन त्याच्या घरी हजर!

वहिनींनी पोहे दिले. चमचा कशाला, मी हातानंच हाणले. चित्र डायनिंग टेबलवर उघडंच होतं, कारण काच तडकली म्हणून सबनीसनं फ्रेम काढून ठेवली होती.

आणि चित्र तरी काय! मागे टेकडीवर किल्ला, पुढे हिरवळ, हिरवळीवर मेंढ्या. राजाचं घर म्हणे, आणि दारात एक पहारेकरी नाही! असले किल्ले आमच्या लहानपणी बिस्किटांच्या डब्यावर यायचे. वर अर्धा कागदभर नुसतं आकाश. चित्रकाराला कंटाळा आला असणार, दुसरं काय?

"छापील आहे," मी म्हणालो.

"कशावरून?" सबनीसचा चेहरा पडला.

आता मी कोण? शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिलेला माणूस! सी ग्रेड मिळाली होती, पण ते तिथे कशाला सांगू? मी त्याला समजावलं की खरा जलरंग ओल्या बोटाला सुटतो, छापलेला सुटत नाही.

"अहो, हात लावू नका," बायको म्हणाली. तिला चित्रातलं काय कळतंय! मी पान उलटताना लावतो तसा अंगठा जिभेला लावला आणि आकाशात घासला.

रंग सुटला हो! आकाश माझ्या अंगठ्यावर आलं आणि पोह्यांची हळद आकाशात गेली. किल्ल्याच्या बरोब्बर वर, रुपयाएवढा पिवळा गोळा.

सबनीसनं वाकून तो गोळा बघितला. "म्हणजे खरं आहे," एवढंच म्हणाला. जन्मात मला इतकी लाज वाटली नव्हती.

सोमवारी त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. बाईंनी भिंग लावून सगळं तपासलं. कागद त्या काळातला, रंग त्या काळातले, फक्त चित्रकार कोण ते सांगता येत नाही, म्हणाल्या. मग भिंग आकाशात थांबलं. हा सूर्य नंतर कुणीतरी काढलेला दिसतो, त्या म्हणाल्या.

"हो," सबनीस म्हणाला. "काल सकाळी."

चित्र आजही त्याच्या हॉलमध्ये लावलेलं आहे. चित्रकाराचं नाव शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. सूर्य कुणी काढला, ते मात्र अख्ख्या अल्फारेटाला पाठ आहे.