राजीनाम्याचे फर्मे

“घ्या राजीनामा, आणि ह्या खेपेला सही करून टाका. वाचत बसू नका, मजकूर मागचाच आहे.”

“आधी ह्या बाह्या बघा बाई,” मालक म्हणाले. “साठ शर्ट, एकशे वीस बाह्या, आणि एकूण एक डावी. असली पोरं कुठल्या शाळेत शिकतात?”

“तेच लिहिलंय. माझ्यानं होत नाही. मला सोडा.”

“सोडतो.”

आजवर मालक ‘बघू’ म्हणायचे. ‘सोडतो’ ऐकून बाईच्या हातातला खडू खाली पडला.

“आज मंगळवार. सोमवारी हेच म्हणालात तर सही करतो आणि टेबलाला दुसरं माणूस बघतो. मलाही रोज उठून हे झेपत नाही.”

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात हिला सगळे कातरबाई म्हणत. कापडाचे साठ थर एकावर एक घालायचे, वर जाड कागदाचा फर्मा ठेवून खडूनं आखायचं आणि कापायचं मशीन फिरवायचं. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. कापडाला सुलट बाजू असते आणि उलट बाजू असते, म्हणून डावी बाही कापली की उजवीसाठी फर्मा उलटा करायचा. हे तिनंच निम्म्या कारखान्याला शिकवलेलं, आणि विसरली तीच.

महिन्यातले तीन आठवडे तिच्या टेबलाशी येऊन बाया सासूच्या कागाळ्या सांगत. चौथ्या आठवड्यात त्याच बाया साधी टाचणी मागायलाही एकमेकींना पुढं ढकलत. घरी नवऱ्यानं शोध लावलेला, की आपल्या चावण्याचा आवाज बायकोला सोसत नाही. तेवढे दिवस तो ताट घेऊन जिन्यावर बसे. एरवी तेच तोंड, तोच आवाज, तिला ऐकूही जायचा नाही.

मोरीत नळ सोडून ती रडायची, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. आपण नसलो तर सगळे सुटतील, असंही तिच्या मनात येऊन जायचं. तेही ठाऊक नव्हतं. मग पाळी आली की दोन दिवसांत डोकं लख्ख. थोरल्या बहिणीला एकदा सांगून पाहिलं तर ती म्हणाली, “सगळ्यांनाच होतं गं. तू उगाच नाटकं करतेस.” तिला स्वतःला कंबरदुखीपलीकडे कधी काही झालं नव्हतं, त्यामुळं तिचं मत ठाम होतं.

डोकं ताळ्यावर आलं की बाई मान खाली घालून विचारायची, “मालक, तो कागद फाडला ना?”

“केव्हाच.”

मालक खोटं बोलत होते. हाताशी असेल तो कागद म्हणून बाई राजीनामा लिहायची फर्म्याच्या जाड कागदावर. आणि रिकामं रीळ टाकताना ज्याचा हात थरथरतो, तो माणूस जाड कागद फाडेल होय?

शुक्रवारी पाळी आली. शनिवारी बाई फसलेल्या बाह्यांतून निदान खिसे निघतात का ते बघायला बसली. खिळ्याला टांगलेला खिशाचा फर्मा काढला आणि दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून प्यावं तसा आधी उलटून बघितला. मागं तिचंच अक्षर होतं. ‘...आजपासून काम सोडत आहे.’ खाली तारीख. दुसरा उलटला, तिसरा उलटला. खिशाचे, कॉलरचे, मनगटपट्टीचे मिळून अकरा निघाले. अकरा महिने ती आपल्याच राजीनाम्यांवर पोरांचे खिसे कापत होती.

आधी तिला हसू आलं. मग तिनं ते तारखेनं मांडले आणि हसू गेलं. दोन तारखांमध्ये अठ्ठावीस दिवस, एकोणतीस, सत्तावीस, पुन्हा अठ्ठावीस. जन्म मापं घेण्यात गेलेला. हे माप कशाचं ते तिला कुणी सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी तिनं फर्मे पिशवीत घातले आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी ते टेबलावर पत्त्यांसारखे लावले.

“मी बायकांना दोन महिने रोज लिहून ठेवा म्हणते, तर आठवडाभरात वही हरवते. तुमची तर कॉलरसुद्धा कापून झाली!” मग आवाज खाली आणून विचारलं, “ताई, त्या दिवसांत जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं?”

बाईनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “करावंसं नाही. नसावंसं वाटतं.”

“ते आलं की त्याच दिवशी इथं यायचं. पाळीची वाट बघायची नाही. हे नाटक नाही, आजार आहे. हार्मोन सगळ्यांसारखेच, पण तुमच्या मेंदूला त्यांचा चढउतार सोसत नाही. ह्यावर गोळ्या आहेत, काहींना त्या तेवढ्याच दिवसांत घेऊनही चालतं. पण राजीनामे काही रोज लिहिले नाहीत तुम्ही. आता दोन महिने रोज लिहा, म्हणजे नक्की कळेल.”

सोमवारी मालक पेन घेऊनच बसले होते. बाईनं जे होतं ते सांगितलं. ‘पाळी’ शब्द आल्यावर मालकांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

“म्हणजे ते... बायकांचं...”

“उलट बाजू म्हणा,” बाईनं त्यांची सुटका केली. “भिंतीच्या कॅलेंडरवर मी खडूनं फुली मारीन. त्या दिवसांत मला दोन्हीकडून सारखं असणारं कापड द्या. अस्तर द्या, खिशाच्या आतलं कापड द्या. बाह्या देऊ नका.”

“आणि राजीनामा दिलात तर?”

“घ्या. पण सही फुल्या संपल्यावर.”

मालकांनी बारावा राजीनामा हातात घेतला, मागचा कोरा भाग बोटानं चाचपला. “कागद चांगला आहे. बाहीचा फर्मा निघेल.”

“ठेवा इकडं.” बाईनं तो बाहीच्या मापात कापला, कोरी बाजू वर करून थरांवर ठेवला, डावी बाही आखली, मग फर्मा उलटा केला. आता लिहिलेली बाजू वर आली. खडू त्या मजकुराच्या कडेनं फिरला आणि तिनं मशीनचं बटण दाबलं.