धूळ बसेपर्यंत

गाडीच्या नाकाची काळजी स्वतःच्या जिवापेक्षा जास्त वाहणारा माणूस साऱ्या मावळात एकच असेल, आणि तो नेमका माझा घरमालक होता. चिखलीच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. गावात राहायला खोली मिळेना. शेवटी कुणीतरी गावाबाहेरच्या मळ्यातलं एक घर दाखवलं. दारात माणूस एकच, चाळिशीच्या आसपासचा, पिळदार मिशांचा, लष्करातली खाकी अर्धी विजार घातलेला. खोली दाखवताना ते म्हणाले, "एक गोष्ट आधीच सांगतो, मास्तर. अंगण झाडायचं न्हाई. झाडायचंच आसंल तर पयलं पाणी शिंपडायचं. तिला धुळीचा लई तरास हाय." घरात कुणी दमेकरी बाईमाणूस असावं असं समजून मी आवाज खाली आणला आणि विचारलं, "कुठं निजल्यात?" त्यांनी गोठ्याकडे बोट केलं. गोठ्यात एक पिकअप गाडी उभी होती.

ही गाडी त्यांनी लष्कराच्या लिलावात घेतली होती. लढाईत ते ड्रायव्हर होते, कुठल्यातरी वाळवंटात. "तितं गोळ्यांनी मेल्या न्हाईत येवढ्या गाड्या वाळूनं मेल्या," ते सांगत. "इंजिन नुसतं पेट्रोल पीत न्हाई, मास्तर, हवा पितंय. तुमच्या-आमच्यासारकं." ही हवा ज्या डब्यातून गाळून आत जाई त्याला ते नाक म्हणत. डब्याच्या तळाशी तेल, वर तारेची जाळी. आत शिरणारी धूळ त्या तेलात अडकून बसायची. शाळा सुटून मी घरी यावं तर बॉनेट उघडं, आणि हे आत कमरेपर्यंत वाकलेले. जाळी रॉकेलमध्ये धुवायची, सावलीत वाळवायची, तळाचा गाळ पुसून काढायचा, नवं तेल ओतायचं, आणि सगळं जागच्या जागी बसलं की नाकाच्या तोंडावर मलमलचं पांढरं फडकं बांधायचं. तेही निरगाठ मारून नव्हे. तान्ह्या बाळाला टोपडं बांधावं तसं, हलक्या हाताने, सुरगाठीने. स्वतःच्या अंगातल्या सदऱ्याला बटणं नसत, पण ते फडकं रोज धुतलेलं असे.

डब्याच्या तळाचा गाळ ते तळहातावर घेऊन निरखत. "ही मोशीची. ही आपल्या शिवारातली. आन् ही बगा, चाकणच्या बाजाराची," असं म्हणून त्यातला कांद्याच्या सालीचा एखादा कण नखाने वेगळा काढून दाखवत. मला सगळा चिखलच दिसे. पण मी मान डोलावे, कारण दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं कुणी नसे. ते लढाईवर असतानाच आईवडील गेले होते. भावांनी वाटणी करून गावात वेगळे संसार थाटले होते. लग्नाचं बघायला घरात वडीलधारं कुणी उरलं नाही, आणि ह्यांनी स्वतःहून तो विषय कधी काढला नाही. मळ्यातल्या त्या घरात चूल एक, ताट एक, आणि गोठ्यात गाडी. पहिल्या दिवशी मला जेवायला थांबवलं तेव्हा माझी भाकरी त्यांनी परातीत वाढली होती.

चाकणच्या बाजारात कांदा पोचवायचा हा त्यांचा धंदा, आणि धंद्याच्या मुळावर येईल असा त्यांचा एक नेम होता. पुढे धूळ उडवणारं काही असलं की गाडी थांबवायची. बैलगाडी असो, मेंढरांचा कळप असो, नाहीतर शाळा सुटलेली पोरं. रस्त्याकडेला झाडाखाली गाडी घ्यायची, इंजिन बंद करायचं, आणि धूळ खाली बसेपर्यंत विडी ओढत बसायचं. पुढे जाऊन रस्ता मागायचा तर आधी त्या धुळीत शिरावं लागणार, ते त्यांना मंजूर नव्हतं. देहूच्या यात्रेच्या दिवसांत तर ते गाडी गोठ्यातून काढतच नसत. मालवाले वैतागत. गावातली माणसं म्हणत, "मिलिट्रीच्या गाडीपेक्षा आमचा खोंड बरा." वाटेत कुणाला बसवून घ्यावं तर तोही अर्ध्या वाटेवर उतरून चालत पुढे जाई आणि आधी पोचे. असं करत करत त्यांच्या शेजारची बैठक कायमची रिकामी राहिली.

त्यांच्या थोरल्या भावजयीला मात्र त्यांची काळजी होती. खेडच्या अलीकडच्या एका गावातलं स्थळ तिनेच काढलं. मुलगी म्हणजे तिशी गाठलेली बाई. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावंडांना वाढवता वाढवता तिचं लग्न राहून गेलेलं. बघायला जाताना सोबतीला मी होतो. पोहे आले, आणि घरमालकांना आठवलं की येताना एका वळणावर मेंढरं आडवी आली होती. ते उठले ते थेट बाहेर. बराच वेळ झाला तरी परत येईनात. मुलीचा भाऊ माझ्याकडे बघायला लागला. एवढ्यात ती स्वतःच डोक्यावरचा पदर सारखा करत ओट्यावर गेली. मी खिडकीतून ऐकत होतो.

"काय झालं वं गाडीला?"

"काय न्हाई. नाक साफ करतुय."

"सर्दी झालीया व्हय तिला?" असं म्हणून ती हसली. चांगली मोकळी हसली. आणि मग तिने जे केलं ते आजवर कुणीच केलं नव्हतं. तिने विचारलं, "दावा बरं मला कसं करत्यात."

घरमालकांनी दाखवलं. हात तेलाने काळे, कपाळावर घाम, आणि तोंडावर मी कधी न पाहिलेलं तेज. परतीच्या वाटेवर ते एकदाही थांबले नाहीत. कारण वाट मोकळी होती, हे खरं, पण मोकळी नसती तरी त्या दिवशी त्यांना दिसलं नसतं. पंधरवडा सरायच्या आत त्यांनी दुसरं ताट आणलं, ओसरी सारवून घेतली, आणि गाडीत शेजारच्या बैठकीवर नवं गोणपाट शिवून घातलं.

सुपारी फोडायचा दिवस ठरला. मुलीच्या भावाने निरोप दिला होता, "दुपारच्या आत या. मामांच्या मनात जुन्नरकडचं स्थळ हाय. त्यास्नी दुपारी गाडी धरायचीया, त्याच्या आत बोलणं उरकू." आम्ही सकाळीच निघालो. भावजय आणि थोरला भाऊ आदल्या दिवशीच पुढे गेले होते. मोशी ओलांडली आणि पुढे बघतो तर चाकणच्या बाजाराला निघालेल्या कांद्याच्या बैलगाड्यांची रांग, आणि वर धुळीचा नुसता डोंगर. घरमालकांनी गाडी लिंबाखाली घेतली.

"चला, आज राहू द्या," मी म्हणालो. "घरी गेल्यावर दोनदा धुवा."

"घटकाभर, मास्तर. बसंलच आता धूळ."

धूळ बसली. आम्ही निघालो, तर पुढे तीच रांग पुन्हा गाठली. पुन्हा झाड, पुन्हा विडी. चाकण मागे पडलं तर बाजार उरकून खेडकडे परतणाऱ्या रिकाम्या गाड्या पुढे लागल्या. मी चिडलो, हात जोडले. त्यांचा हात एकदा चावीकडे गेलासुद्धा. पण नजर समोरच्या धुळीवर पडली आणि हात परत मांडीवर आला. त्यांना कळत नव्हतं असं नाही. कपाळावरून घाम ओघळत होता. एवढ्या वर्षांची सवय होती, आणि ती मोडायची कशी हे एकट्या राहिलेल्या माणसाला शिकवायला कुणी नव्हतं.

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मामा जुन्नरकडच्या स्थळाला शब्द देऊन निघून गेले होते. मुलीचा भाऊ ओशाळून म्हणाला, "पाव्हणं, आमी तरी किती थोपवणार त्यास्नी? त्यांना वाटलं तुमास्नी गरज न्हाई." घरमालकांचा थोरला भाऊ तोंड फिरवून बसला होता. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो खाली ठेवला, आणि तांब्याकडेच बघत म्हणाली, "लई वाट बगितली." मग आत गेली.

घरमालक पाणी प्यायले नाहीत. परत येताना चाकणच्या पुढे आमच्यासमोर बैलगाड्या लागल्या. त्यांनी गाडी थांबवली नाही. धुळीच्या लोटातून तशीच नेली, मोशीपर्यंत. दोघांच्याही भुवया पांढऱ्या झाल्या.

त्यानंतर ते वाटेत कधीच थांबले नाहीत. मालवाले खूश झाले, धंदा वाढला. नाक मात्र ते रोज साफ करत राहिले, पूर्वीपेक्षा जास्त वेळ; चूल पेटायला रोज रात्र होई. गाळ तळहातावर घेऊन निरखणं तेवढं बंद झालं.

पुढल्या वर्षी शाळेच्या कामाने मी चाकणला गेलो होतो. बाजारात कुणीतरी "मास्तर" म्हणून हाक मारली. तीच होती, नवऱ्याबरोबर आलेली. तो पलीकडे बैल सोडत होता. तिने मला बरं आहे का विचारलं, शाळेचं विचारलं. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "सोताच्या हातानंच रांधत्यात व्हय अजून?" मी हो म्हणालो. "वेळंवर जेवायला सांगा," ती म्हणाली आणि गर्दीत मिसळली.

संध्याकाळी घरी आल्यावर मी ते घरमालकांना सांगितलं. ते जाळी धूत होते. हात तसेच रॉकेलमध्ये राहिले. मग त्यांनी विचारलं, "कसल्या रंगाचं लुगडं होतं?"

मी पाहिलंच नव्हतं. "हिरवं," मी म्हणालो.

"हिरवं," ते म्हणाले. "चांगलं दिसत आसंल." आणि मग, मी चूल पेटवू का असं विचारायच्या आत, हात पुसून स्वतःच भाकरी थापायला उठले. अजून दिवस मावळायचा होता.