सातच्या गाडीनं ऑनलाइन लेक्चरला

ऑनलाइन शिक्षणासाठी तुम्ही तयार आहात का? परवा कॉलेजच्या ग्रुपवर हा फॉर्म आला... हो किंवा नाही, एवढंच निवडायचं होतं. खरं सांगते, मला अजून उत्तर देता आलेलं नाही.

मोबाईल आहे. आमचं गाव फुलंब्रीजवळ, रेंजही बरी असते. लासूर स्टेशनची माझी मैत्रीण मांडीवर बाळ घेऊन एम.ए. करतेय, ते ऑनलाइनमुळंच. तिच्यासाठी मी डोळे झाकून 'हो' म्हणेन.

पण माझं काय... घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बी.ए.ची तीन वर्षं रोज सकाळी सातची एस.टी. पकडून संभाजीनगरला गेले. एकदा घराबाहेर पाऊल पडलं की दुपारपर्यंत मला कुणी हाक मारायचं नाही. यंदा एम.ए.चे बरेचसे तास मोबाईलवर आले आणि मीही घरी आले.

घरी असलेली मुलगी रिकामीच असते, असं आमच्याकडं सगळ्यांना वाटतं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो.

गेल्या गुरुवारी लेक्चर चालू होतं. चुलती दारातून म्हणाली, "मोबाईलच बघती ना? मग जरा कोकराला धर, औषध पाजायचंय." मेंढरांचं वाडगं घराला लागूनच आहे, म्हणून फोन तसाच ठेवून गेले. कोकराचं तोंड हातात असतानाच मॅडमनी माझं नाव घेतलं... धावत येऊन माइक चालू करेपर्यंत त्या म्हणाल्या, "नसेल बहुतेक," आणि पुढं शिकवू लागल्या.

मी होते... पण त्यांना कसं कळणार? वर्गात असते तर उत्तर आलं नसतं तरी निदान दिसले असते. दिवसभर तेच मनाला लागून राहिलं.

संध्याकाळी भाकरी थापताना आई म्हणाली, "मोबाईलातल्या बाई तुझं नाव घेत व्हत्या. म्या ऐकलं." मग थोड्या वेळानं, "उद्यापासून तू कॉलेजातच जाऊन बस."

दादा, म्हणजे माझे वडील, हसले. "मोबाईल बघायला संभाजीनगर? लई भारी शिक्षण आलं."

"मेंढरं वाडग्यात उभी राहून चरत्यात व्हय?" आईनं त्यांच्याकडं न बघताच विचारलं.

दादांचा जन्म मेंढरांमागं गेलाय. सकाळी ते मोटरसायकल काढून उभे होते. "चल, गाडी हुकंल."

कॉलेजात शिपाई मामांकडं वर्गाची किल्ली मागितली. "लेक्चर तर मोबाईलवर असतं ना पोरी?" म्हणाले. मला इथं बसून ऐकायचंय, एवढंच सांगितलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि स्वतः येऊन कुलूप काढलं.

पुस्तकाला मोबाईल टेकवून बसले. मॅडमचा आवाज होता, पण फळा कोरा होता. वहीत डोकावून "काय लिहिलंस गं?" विचारणारं कुणी नव्हतं. एवढी मोठी खोली, आणि ज्यांच्यासाठी जीव तुटत होता ती माणसंच तिच्यात नव्हती. तरी तासभर मला कुणी उठवलं नाही. मोबाईलवरचा यंदाचा हा माझा पहिला पूर्ण तास.

त्या दुपारी ग्रुपवर लिहिलं, 'वर्ग उघडून मिळतो. घरी ऐकता येत नसेल तर या.' सोमवारी शहरातल्याच शहागंजहून एक मुलगी आली. तिच्या घरात दोन खोल्या आणि सात माणसं. येऊन बसली, आणि कितीतरी वेळ नुसती बसूनच राहिली.

आईनं त्या दिवशी ते ऐकलं नसतं तर मी अजून घरीच असते. सगळ्यांच्या आया काही नेमक्या त्या वेळी जवळ नसतात. म्हणून प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहिला, ऑनलाइन तासाच्या वेळी आमचा वर्ग रोज उघडा ठेवावा. खाली आम्ही दोघींनी सह्या केल्या. आज सकाळी तो ऑफिसात दिला, पोच घेतली आणि मग तासाला बसलो.