पाण्याच्या पिंपाची किल्ली

११ एप्रिल २०१६, सोमवार. वॉर्डातल्या वस्तूंवरून जंतूंचे नमुने घ्यायचं काम माझ्याकडे आलं. कापूस गुंडाळलेली निर्जंतुक काडी पलंगाच्या कठड्यावरून फिरवायची, नळीत बंद करायची, वर चिठ्ठी चिकटवायची. असं वीस वेळा.

मी नांदेडहून बदली होऊन लातूरच्या एका दवाखान्यात सर्जिकल वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर झाले होते. ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून वेगळ्या निघालेल्या लातूरला सासूबाई तेव्हाही ‘नवा जिल्हा’च म्हणायच्या. नव्या जिल्ह्यात पाणी नव्हतं. वॉर्डाचा नळ महिनाभर कोरडा होता. टँकरचं पाणी एका मोठ्या पिंपात भरायचं. नातेवाईक त्यातून बाटल्या भरून न्यायला लागले, तेव्हा मी पिंपाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला बांधली. या बंदोबस्ताचा मला फार अभिमान होता.

अशात तीन पेशंटच्या जखमा वाळेनात. तिघांतही एकच जंतू निघाला, आणि तो नेहमीच्या अँटिबायोटिक्सना अजिबात जुमानत नव्हता. मोठे डॉक्टर कडाडले, "लादी पुसणारी बाई बदला. बुधवारी रिपोर्ट आला की लगेच."

ती बाई म्हणजे आमच्या मावशी. कंधारच्या, कंत्राटी, अकरा वर्षं याच वॉर्डात. त्यांच्या पगारावर लेकीचं नर्सिंग चाललं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि फडकं पिळायला लागल्या. मला हे आवडलं.

नमुने घेताना मावशी नळ्यांचा ट्रे धरून मागे होत्या. सलाईनचा स्टँड झाला, बीपीचा पट्टा झाला, ड्रेसिंगची ट्रॉली झाली. नऊ नंबरच्या आजोबांना वाटलं काहीतरी औषध वाटून राहिलेत. त्यांनी मोठा आ केला.

"आजोबा, तुमची नाही, पलंगाची तपासणी आहे."

"पलंगाला काय झालं? मी बरा हाय ना त्याच्यावर!"

सगळा वॉर्ड हसला. टाके पडलेले लोक पोट धरून हसले, आणि मी "टाके, टाके!" म्हणून ओरडत होते ते ऐकून आणखी हसले.

एक काडी उरली. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या कमरंची किल्ली राहिली की."

"किल्लीला काय होतंय?"

"न्हाई कसं? माझी लादी तेवढी वाईट व्हय?"

"घ्या! किल्लीवर निघालं तर जयंतीच्या दिवशी तुमची लादी मी पुसते."

"हाव! ऐकलं का रे समद्यांनी?" त्यांनी वॉर्डाला साक्षीला घेतलं. चौदा एप्रिलला त्यांना गावी मिरवणुकीला जायचं होतं आणि बदली बाई मिळत नव्हती.

बुधवारी दुपारी रिपोर्ट आला. मोठ्या डॉक्टरांसमोर मीच वाचला. लादी: काही नाही. नळ: काही नाही. कसं असणार? महिनाभर त्याला कुणी हात लावला नव्हता, मावशी तेवढ्या रोज फिनेलने पुसायच्या. मग किल्ली. तोच जंतू. औषधांच्या नावांपुढे वरून खालपर्यंत ‘आर’, म्हणजे हे चालत नाही. आर, आर, आर. माझा आवाज बारीक होत गेला.

हिशेब सोपा होता. जखम बांधून झाली की प्रत्येक जण हात धुवायला माझ्याकडे किल्ली मागायचा. घाण हाताने कुलूप उघडायचा, हात स्वच्छ धुवायचा, त्याच किल्लीने कुलूप लावायचा आणि किल्ली मला परत द्यायचा. ती कमरेला खोचून मी पुढच्या पेशंटकडे.

मावशी दारात उभ्या होत्या. "मग डाक्टर, आता कुणाला बदलायचं? मला का सिस्टरला?"

मोठे डॉक्टर टेबलावर हात मारून हसले. मलाही हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, त्या दुष्काळात तेवढंच. बाई बदलायचा कागद तयारच होता, त्यावरचं मावशींचं नाव डॉक्टरांनी तिथेच खोडलं.

संध्याकाळपर्यंत तिन्ही पेशंट वेगळ्या खोलीत हलवले. कुलूप काढलं. पिंपाला खाली कोपराने ढकलायची तोटी बसवून घेतली. बाटल्या भरणाऱ्यांवर लक्ष ठेवायला नऊ नंबरचे आजोबा आपणहून तयार झाले. किल्ली मी वीस मिनिटं उकळली आणि मग फेकून दिली. फेकायचीच होती तर उकळायचं कारण नव्हतं, पण राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पदर खोचला, फिनेलची बादली घेतली आणि लादी पुसायला लागले. मावशी पांढरी साडी नेसून, कंधारची बस पकडायच्या आधी मुद्दाम डोकावल्या.

"सिस्टर, चौथ्या पलंगाखाली राहिलं बघा."

राहिलं होतं. मी पुन्हा खाली वाकले.