धाकट्याचं गूळपाणी

परवा रविवारी दुपारी आमच्या पावस गावच्या घरी सगळे मिळून पिक्चर बघत होतो. मी बोलतेय, नात सई लिहितेय... मला लिहिता येत नाही, तेव्हा चुका सापडल्या तर तिचा कान धरा.

पिक्चर जुना, इंग्रजी, काळा-पांढरा. तुरुंगातून पळालेला एक गुंड पिस्तूल घेऊन एका घरात शिरतो आणि घरच्यांना ओलीस धरतो. सई समजावत होती, पण माणसं घाबरलेली कळायला भाषा कशाला लागते...

आमचा धाकटा, सुरेश, तेव्हा बाहेर पडवीत बसला होता. काही वर्षांमागे त्याने दारू पिऊन गाडी चालवली आणि धडकेत एक तरुण मुलगा गेला. शिक्षा भोगून गणपतीनंतर सुटला, बागेतल्या खोलीत राहतो.

रोज मला भेटायला येतो, पण थोरल्या वसंताने तोवर त्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. आमच्याकडे दारात आलेल्या परक्यालाही आधी गूळपाणी देतात. सुरेश मात्र येताना स्वतःची पाण्याची बाटली आणायचा.

टीव्हीत घरची बाई त्या गुंडाला कॉफी देत होती. "बघा, पळून आलेल्याला खुर्ची, वर कॉफी," मी म्हटलं. सई हसली.

मग वसंताला म्हटलं, "आपल्या सुरेशने पिस्तूल आणलं नाही, तिथेच चुकला बघ."

आता कोणी हसलं नाही. वसंता टीव्हीकडे बघतच म्हणाला, "आई, तो मुलगा गेला, त्याच्या घरी काय असेल गो?"

"ते रोज निजताना मनात येतं. पण ह्याला तहानलेला ठेवून तो पोर परत येणार नाही रे."

वसंताने पिक्चर थांबवला. आत गेला... बराच वेळ आलाच नाही. आला तो तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा घेऊन. पडवीत भावापुढे ठेवून म्हणाला, "घे." मग परत वळता वळता, "आत पंखा आहे."

सुरेश आत आला, दाराजवळ खालीच बसला. त्या गुंडाचं शेवटी काय झालं ते सई दोनदा सांगून दमली... माझं लक्ष सुरेशच्या बाटलीकडे होतं. पडवीत राहिली होती, भरलेली, तशीच.

ही माफी नव्हे, कळतं मला. ती द्यायची की नाही ते ठरवणारी आई दुसरी आहे. आमच्याकडे फक्त एक तांब्या रिकामा झाला... संध्याकाळी दिवा लावताना देवाला तेवढंच सांगितलं.