शुक्रवारची गोळी

एम.एस्सी.च्या वर्गात सरांनी फळ्यावर पेशीचं चित्र काढलं आणि मी बाकावरून जवळजवळ उठलेच. बाहेरून आलेला निरोप पेशीच्या कडेवरचं एक प्रथिन घेतं, आतल्या दुसऱ्याला देतं, ते तिसऱ्याला, आणि शेवटी केंद्रकापर्यंत हुकूम पोचतो की आता वाढ, एकाचे दोन हो. निरोप थांबला की वाढ थांबते. पण रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये मधलंच एक प्रथिन बिघडतं आणि कुणी निरोप दिलेला नसताना ‘वाढ, वाढ’ म्हणत सुटतं. सर म्हणाले, आता नेमकं त्याच प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसणारी गोळी निघाली आहे. बाकीचे लिहून घेत होते. मी मात्र शेजारणीला कोपरानं ढोसत होते, कारण ती गोळी भिवंडीला, निजामपुऱ्यात आमच्या घरी फ्रिजवरच्या डब्यात होती. माझे वडील, आमचे दादा, दिवाळीपासून ती घेत होते.

रविवारी घरी गेले ती चपला न काढताच खाली कारखान्यात शिरले. दादांचे स्वतःचे यंत्रमाग होते, त्यांच्या खडखडाटामुळे आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. मागाला एक काटा असतो. आडवा धागा तुटला की तो माग थांबवतो. काही कारागीर तो काटा सरळ बांधून टाकतात. मग माग थांबत नाही, कापड भराभर निघतं, पण फटी पडलेलं. असा बांधलेला काटा दिसला की दादांच्या तोंडाचा पट्टा अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा.

“दादा, तुझ्या रक्तात कुणीतरी काटा बांधून ठेवलाय!” मी ओरडले.

ते आडव्या धाग्याचा धोटा हातात धरून तसेच उभे राहिले. “आन गोली काय करते?”

“गोळी म्हणजे माग बंद करायचं हँडल दाबून धरलेला हात. हात आहे तोवर माग बंद.”

एवढ्या मोठ्या दुखण्यात मी त्यांना पहिल्यांदाच खूश झालेलं पाहिलं. लगेच शेजारच्या मागवाल्याकडे जाऊन सांगून आले, “मेरे खून में लूम चालू है, भाई!”

पण मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टर खूश नव्हते. रक्तातल्या पेशी कमी झाल्या होत्या, तरी ते बिघडलेलं प्रथिन शोधणाऱ्या तपासणीचा आकडा हवा तसा खाली येत नव्हता. पुढच्या खेपेलाही असंच आलं तर ही गोळी चालत नाही असं धरावं लागेल, ते म्हणाले. त्या काळात दुसरं फारसं काही हाताशी नव्हतं. परतीच्या वाटेवर दादा खिडकीबाहेर बघत बसले आणि मी तपासणीचा कागद पुन्हा पुन्हा उलगडून वाचत राहिले.

एरवी मी रविवारीच घरी यायचे. एकदा कॉलेजला शुक्रवारी सुट्टी पडली. शुक्रवारी भिवंडीत वीज बंद, माग बंद, आणि आपल्याच गल्लीत आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. जेवणं झाल्यावर मी दादांपुढे गोळी आणि पाण्याचा पेला ठेवला. त्यांनी पेला बाजूला सारला.

“आज न्हाय.”

“न्हाय म्हणजे?”

“आज शुक्रवार हाय ना. सगल्यांना सुट्टी. बंद मागावर हात ठेवून काय करू?”

“ते शुक्रवारचे कधीच घेत न्हाईत,” आई भांडी आवरता आवरता म्हणाली. सुरुवातीपासूनच असं चाललं होतं. माझ्या हँडलच्या गोष्टीनं तर त्यांना आयता पुरावाच मिळाला होता.

मी भडकले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोळी हरलीच नव्हती! दर शुक्रवारी आपणच हात काढून घेत होतो! मी रागावलेली होते की नाचत होते, आईला कळेना. मलाही कळत नव्हतं.

“दादा, आतला माग शुक्रवार पाळत नाही. तिथली लाइट कधी जात नाही!”

बाहेर सगळी गल्ली शांत होती आणि ते कान देऊन ऐकत होते, जणू छातीत काही खटखटतंय.

“आता पन चालू हाय?” त्यांनी हळूच विचारलं.

“आत्ता पण.”

त्यांनी स्वतःच पेला पुढे ओढला.

पुढच्या तपासणीचा आकडा खाली आला, त्याच्या पुढचा आणखी खाली. डॉक्टर हसले आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत धावले. वॉचमन ओरडला, त्याला मी पेढा देईन म्हणाले, आणि दिलाही.

मी नोकरीसाठी लांब गेले. तरी शुक्रवारी दुपारी फोन वाजतोच. मागे मागांचा आवाज नसतो, म्हणून दादांचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

“हात हाय गो हँडलवर,” ते म्हणतात आणि फोन ठेवून देतात.