चार बोटं आत

"चार बोटं आत ठेवलीत. पोरगं वाढतंय."

शिवलेला सदरा हातात देताना चाचा हे म्हणायचेच. अंगठा सोडून उरलेली चार बोटं जोडायचे आणि बाहीच्या टोकाशी आडवी धरून दाखवायचे. तेवढं कापड त्यांनी आत दुमडून टाके घातलेले असायचे. वर्षभरानं हात बाहेर आले की आई ते टाके उसवायची आणि सदरा पुन्हा अंगाला यायचा. घाटनांदूरच्या आमच्या आळीतली सगळी पोरं अशीच त्यांच्या बाह्यांमधून वाढली.

तुमच्याही गावात असा शिंपी असेल, त्यामुळे यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. मला नीट सांगता येईल की नाही, याची मलाही खात्री नाही. आमच्या घरात लिहायला-वाचायला शिकलेला मी पहिलाच. पण चाचांबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही, कारण त्यांच्या गोष्टीत एक चूक आहे आणि ती माझी आहे.

साठी उलटलेल्या पाटलांच्या अंगरख्यातसुद्धा चाचांनी चार बोटं ठेवली होती. पाटील म्हणाले, "आता मी कुठं वाढतोय बाबा?"

"पोट वाढंल की, मालक," चाचा मान वर न करता म्हणाले.

मोजायला त्यांना फितीची गरज पडत नसे. वीत, बोट आणि दोरा एवढ्यावर त्यांचं काम चाले. आमच्या गावात रेल आली तेव्हा तर त्यांनी दुकानापासून स्टेशनापर्यंत दोरा सोडत नेला होता आणि "अडीच रिळं भरतंय," असं घरोघरी सांगितलं होतं. दुपारची गाडी आली की मशीन थांबवून ते फलाटावर जायचे. चढायचं नसे, कोणाला उतरवून घ्यायचं नसे. गाडी परळीकडं निघून जाताना बघायचे आणि म्हणायचे, "जी रेल जाते, ती परत येते."

हे ते असं म्हणायचे, की जणू कोणीतरी नाही म्हटलंय.

त्यांचा एक धाकटा भाऊ होता, हे मला आबांकडून कळलं. आबा म्हणजे माझे वडील. चौदा सालच्या मोठ्या लढाईच्या वेळी इंग्रजांच्या फौजेसाठी शिंपी हवेत म्हणून बोलावणं आलं होतं. ते चाचांना होतं. पण चाचांचं नुकतंच लग्न झालेलं. त्यांनी भावाला पुढं केलं. "तुज्या हातात सफाई हाय, तूच जा," असं म्हणून त्याला मुंबईच्या जहाजापर्यंत पोचवून आले. भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. दोन वर्षांनी सरकारी कागद आला. बगदादच्या बाहेर एक कबरस्तान आहे, तिथं त्याला पुरलं होतं.

तेव्हापासून चाचांनी समुद्राचं नाव टाकलं. जहाजानं जावं, सरळ वाट आहे, असं कोणी सुचवलं की ते म्हणायचे, "जहाजानं येक नेलाय. परत आणून दिला का? मी रेलनंच जाईन."

कारण बगदादला जायचं तर होतंच. भावाच्या कबरीवर आपल्या हातानं शिवलेली चादर घालायची आणि त्याची माफी मागायची, एवढंच त्यांना या जन्मात करायचं राहिलं होतं. चादर त्यांनी केव्हाच शिवली होती. हिरवी, कडेला पांढरी शिलाई. मी एकदा विचारलं, "चाचा, माप कशाचं घेतलं?"

"त्याचंच. त्याचा शेवटचा कुडता मीच शिवलाता." मग त्यांनी चादरीचं टोक उलटून दाखवलं. तिथंही चार बोटं आत होती. "जाताना कवळाच होता. तिथं थोडा वाढला असंल."

मी हैदराबादच्या कॉलेजात जायचं ठरलं त्या उन्हाळ्यात चाचांनी मला दुकानात बोलावलं. माझ्याकडं एक जुना नकाशासंग्रह होता. मास्तरांनी दिलेला, बांधणी सुटलेला. आशियाच्या पानाचा एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता.

"काय बे कालेजवाल्या, हितून बगदादला रेल कशी जाते, ते दाव."

आजपर्यंत मोठ्या माणसांनी मला "गुरं बांध, पाणी आण," एवढंच सांगितलं होतं. एक पिकल्या दाढीचा माणूस माझ्यापुढं बसून वाट विचारतोय, यानं मी फुगून गेलो, हे मी कबूल करतो. मी पान पसरलं. लाल रेघ म्हणजे रेल, असं सांगितलं.

चाचांनी मेण लावलेला दोरा घेतला आणि रेघेवरून बोटाबोटानं चालवायला लागले. मी म्हटलं, पट्टीनं मोजू. तर म्हणाले, "रेल काय नाकासमोर चालते का? वळती तसा दोरा वळला पायजे." जिथं गाडी बदलायची तिथं गाठ. परभणीला एक, मनमाडला एक. दिल्ली, लाहोर, क्वेट्टा. प्रत्येक गाठीला ते विचारत, "हितं पाणी कसं हाय? मानसं कशी हायत?" आणि मला काही माहीत नसताना मी उत्तरं देत होतो. मुलुखही त्यांनी बोटांवर मोजले. आपला निजामाचा, मग इंग्रजाचा, मग बलुचांचा, मग इराण, मग बगदादचा. "पाच मुलुख," ते चाचींकडं बघून म्हणाले. चाची तिथंच गुंड्या लावत बसल्या होत्या.

"घरात दोन मानसं हायती, तितं करमंना. चालले पाच मुलखात," चाची म्हणाल्या.

दोरा हिंदुस्थानची हद्द ओलांडून इराणात शिरला आणि चाचांचं बोट थांबलं. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं.

"बेटा, ही शिलाई येगळी दिसतीय. हितवर मशीनची हाय. हितून पुढं हातशिलाई."

मी पाहिलं. तिथवर रेघ अखंड होती आणि पुढं तुटक होती. तुटक रेघ म्हणजे काय, ते पानाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. तो कोपरा उंदरांच्या पोटात गेला होता. मला माहीत नव्हतं. माहीत नाही एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हणालो, "छपाई फिकी झालीय, चाचा. रेलच आहे ती."

त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. चाळीस वर्षं शिलाई बघितलेला माणूस. पण मी कॉलेजात जाणार होतो. "तू म्हणतोस तर आसंल," असं म्हणून त्यांनी दोरा पुढं सरकवला.

मी हैदराबादला निघालो तेव्हा त्यांनी मला काळा कोट शिवून दिला. आयुष्यातला पहिला. "चार बोटं आत हायत."

हैदराबादेत त्यांच्या परवान्यासाठी मीच अर्ज लिहिले. या कचेरीतून त्या कचेरीत गेलो, पुष्कळ हिंडलो. कारकून विचारायचे, "घाटनांदूरचा शिंपी बगदादला कशाला निघालाय?" मी सांगायचो, "भावाला भेटायला." वर्ष गेलं, पण परवाना मिळाला. चाचांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो कागद कापडाच्या दोन थरांत शिवून टाकला, फक्त मोहोर दिसेल एवढी खिडकी ठेवून. स्टेशनातल्या तिकीटबाबूला ते रोज ती खिडकी दाखवत.

"चाचा, आपल्या खिडकीवर परभणीच्या पुढचं तिकीट फाडलं तर माझी नोकरी जाईल," बाबू म्हणायचा.

"परभणीचंच द्या. तितून पुढं मी हाय अन् माजा दोरा हाय."

त्याच वर्षी आमच्या कॉलेजात भूगोलाच्या खोलीत नवा नकाशा लागला. सबंध भिंतभर. त्याचे चारही कोपरे शाबूत होते. मी सहज आमची वाट शोधली आणि मग कोपऱ्यातली खूण वाचली. अखंड लाल रेघ, रेल. तुटक लाल रेघ, काफिल्यांची वाट.

मी पत्र लिहायला बसलो आणि फाडून टाकलं. पुन्हा लिहिलं, तेही फाडलं. ते पत्र गावात दुसरंच कोणी वाचून दाखवणार, हे मी स्वतःला कारण दिलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. पहिले दोन दिवस दुकानाकडं फिरकलोच नाही. तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "चाच्याकडं गेला न्हाईस? कावून? रोज इचारतोय त्यो तुला."

मी गेलो आणि उभ्याउभ्याच बोललो. "चाचा, माझी चूक झाली. इराणच्या हद्दीपुढं रेल नाही. तुम्ही म्हणाला होता ते खरं होतं."

मशीन थांबलं. चाचींच्या हातातली गुंडी तशीच राहिली.

"मग काय हाय तितं?"

"वाट आहे. उंटांची. कुठं कुठं मोटार जाते म्हणतात. डोंगर आणि वाळू."

त्यांनी फळीवरून माझा नकाशा काढला. तो मी त्यांच्याकडंच ठेवला होता. "कुटून कुटवर, दाव."

मी दाखवलं. बगदादच्या अलीकडं पुन्हा अखंड रेघेचा तुकडा सुरू होत होता, तिथवर. चाचांनी अंगठा दुमडला आणि मधल्या जागेवर हात आडवा ठेवला. बरोबर बसला. ते हसले.

"हात्तिच्या! चार बोटंच हायत की."

"चाचा, नकाशावरची चार बोटं म्हणजे…"

"ठावं हाय मला. येडा समजतो का बे? बाहीतली चार बोटं येगळी, डोंगरातली येगळी." त्यांनी हात उचलला नाही. "पन बेटा, येवढी रेल झाली अन् चार बोटांसाठी मागं फिरलो, तर त्याला काय सांगू? बोलावणं मला हुतं, तवाबी तुलाच पुढं केलं, अन् आता माफी मागायलाबी चार बोटं कमी आलो, आसं सांगू?"

मी चाचींकडं पाहिलं. वाटलं, त्या तरी अडवतील. त्या खाली बघत म्हणाल्या, "झोपंत रोज त्याचंच नाव घेत्यात. जाऊन येऊ दे." मग चाचांकडं वळून, "पन त्या वाळूत डोक्याला बांधायला दुसरा पंचा घ्या. हा इरलाय."

सुट्टी संपायच्या आत ते निघाले. एक वळकटी, चादर, परवाना आणि रिकाम्या रिळावर गुंडाळलेला तो गाठींचा दोरा. त्या दिवशी तिकीटबाबूनं थट्टा केली नाही. वळकटी स्वतः डब्यात नेऊन ठेवली. "चाचा, येताना खजूर आणा."

"आणतो की. जी रेल जाते, ती परत येते."

गाडी हलायच्या आधी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या कोटाची बाही धरली. आतला दुमड चाचपून पाहिला. टाके जागच्या जागी होते. "इतक्यात उसवू नको. आजून दोन वर्सं निघतील," म्हणाले. माझ्यावर राग धरलाय का, हे मला त्यांना विचारायचं होतं. गाडी सुटली आणि ते राहून गेलं.

चार महिन्यांनी एक पत्र आलं. कोणा मुन्शीच्या हातचं, उर्दूत. उन्हाळ्यात गावी गेल्यावर चाचींनी ते मला वाचायला दिलं. गावातल्या दोघांनी त्यांना आधी वाचून दाखवलं होतं, तरी माझ्याकडून पुन्हा ऐकायचं होतं. सगळं मिळून चार ओळी होत्या. खुशाल आहे. रेल इथं संपली. उंटवाले परवा निघतात, ते मला बरोबर घेत आहेत. चादर कोरडी आहे. आणि शेवटी: "कॉलेजवाल्याला सांगा, रेघ बरोबर होती. इथून पुढं हातशिलाई आहे."

त्यानंतर पत्र आलं नाही. याला आता दोन वर्षं होऊन गेली. मी हैदराबादेत कचेऱ्यांना विचारलं. बगदादच्या कबरस्तानाच्या पत्त्यावर इंग्रजीत लिहिलं. चाचा तिथं पोचल्याची नोंद नाही. ते वाटेत गेल्याचीही कुठं नोंद नाही.

चाची रोज सकाळी दुकान उघडतात, मशीन पुसतात आणि गुंड्या-काजांचं काम घेतात. कोणी चाचांचं विचारलं तर मान वर न करता म्हणतात, "हातशिलाईला येळ लागतो."

गेल्या सुट्टीत त्यांनी माझ्या मनगटांकडं पाहिलं. "बग किती बाहेर आलेत हात. आण इकडं त्यो कोट."

"राहू द्या, चाची."

"मग त्यानं आत कशाला ठिवलंय?"

त्यांनी सुईच्या टोकानं एकेक टाका उचलला. दोन्ही बाह्या सुटल्या. उन्हानं सगळा कोट विटून तपकिरी झाला होता, पण आतलं कापड काळंभोर होतं, कालच कापल्यासारखं. चाचींनी त्या पट्टीवर तळवा ठेवला आणि दुमड बसावा म्हणून दाबत राहिल्या. दुमड बसला तरी हात काढला नाही.

कॉलेजात मुलं माझ्या दुरंगी बाह्यांना हसतात. हसू देत. परवा तास संपल्यावर सगळे बाहेर गेले आणि मी भूगोलाच्या खोलीत एकटाच मागं राहिलो. भिंतीवरच्या नकाशात अखंड रेघ जिथं संपते तिथं मी अंगठा दुमडून चार बोटं आडवी ठेवली. मनगटाशी ती काळी पट्टी होती. बोटं पहिल्या वाळवंटातच संपली. बगदाद अजून पुष्कळ लांब होतं. मी दुसरा हात त्याच्यापुढं लावला.

तोही पुरला नाही.